हौशी कान आणि दूरची याने
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरवाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल अशा एखाद्या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मी निवडलेला विषय मात्र प्रथमदर्शनी अगदी निरुपयोगी वाटेल. पोटापाण्याचा उद्योग आटोपल्यावर, पदरचा पैसा खर्चून, लक्षावधी आणि कोट्यवधी किलोमीटर दूर असलेल्या अंतराळयानांचे क्षीण रेडिओसंदेश ऐकत बसणारी काही माणसे जगात आहेत. त्यांना कोणी नेमलेले नाही, कोणी वेतन देत नाही. हौस एवढेच त्यांचे भांडवल. ‘हौसेला मोल नसते’ असे आपण म्हणतो खरे; पण ‘हौशी’ हा शब्द उच्चारताना आपल्या स्वरात किंचित उपहासही असतो. हौशी नट म्हणजे कच्चा नट, हौशी वैद्य म्हणजे जिवाला धोका, असा आपला रूढ समज.

त्यातून आपल्याकडे ज्ञानाची गोष्ट निघाली की प्रथम ‘अधिकार’ विचारला जातो. तुला हे शिकण्याचा अधिकार काय? तुला हे सांगण्याचा अधिकार काय? या प्रश्नाने आपल्या देशात किती पिढ्यांची दारे बंद केली, हे या सभेला मी नव्याने सांगावयास नको. म्हणूनच आज मला विचारायचे आहे ते हे : आकाशात काय चालले आहे हे सांगण्याचा अधिकार कोणाचा? ज्याने यान सोडले त्या सरकारचाच का? की जो कान देऊन ऐकतो त्याचाही? या हौशी मंडळींचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास या प्रश्नाला एक स्वच्छ उत्तर देतो. ते उत्तर त्यांच्याच कामांतून आपणांपुढे ठेवतो.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. ८३.६ किलो वजनाच्या त्या गोळ्याचा ‘बीप बीप’ असा आवाज सुमारे २० आणि ४० मेगाहर्ट्झ या कंप्रतांवर, म्हणजे दर सेकंदाला दोन कोटी आणि चार कोटी आवर्तनांच्या रेडिओलहरींवर, चालू होता. हौशी रेडिओवाल्यांच्या घरच्या ग्रहणयंत्रांना त्या लहरी सहज पकडता येत. त्यामुळे अंतराळयुगाच्या पहिल्या आठवड्यातच देशोदेशींच्या सामान्य माणसांनी ते युग स्वतःच्या कानांनी ऐकले. बॅटरी संपेपर्यंत, सुमारे तीन आठवडे, तो आवाज येत राहिला.

आता कोणी म्हणेल, नुसता ‘बीप’ ऐकून काय कळणार? येथे एक साधे तत्त्व उपयोगी पडते. फलाटावर उभे असताना शिट्टी वाजवीत गाडी जवळ येते तेव्हा शिट्टीचा सूर चढा लागतो. गाडी पुढे निघून गेली की तोच सूर उतरतो. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ क्रिस्टियान डॉप्लर याने १८४२ साली हा नियम मांडला. रेडिओलहरींनाही तो लागू आहे. यान आपल्याकडे येत असेल तर त्याच्या लहरीची कंप्रता वाढलेली भासते, दूर जात असेल तर घटलेली. ८४० कोटी आवर्तनांच्या लहरीत, सेकंदाला एक किलोमीटर एवढ्या वेगाने सुमारे २८ हजार आवर्तनांचा फरक पडतो. हा फरक घड्याळाशी मांडून आलेख काढला म्हणजे यान किती वेगाने चालले आहे, ते आपल्याला सर्वांत जवळ केव्हा आले, याचा हिशेब करता येतो. संदेशातील मजकुराचे एक अक्षरही कळले नाही तरी चालते. शिट्टीवरून गाडी ओळखण्यासाठी गाडीतील उतारूंचे संभाषण ऐकावे लागत नाही!

या एवढ्याशा तत्त्वावर एका शाळेने काय केले ते पाहा. इंग्लंडमधील केटरिंग या गावच्या शाळेत जेफ्री पेरी नावाचे पदार्थविज्ञानाचे शिक्षक होते. रसायनशास्त्राचे शिक्षक डेरेक स्लेटर यांच्या साहाय्याने त्यांनी विद्यार्थ्यांना सोव्हिएत उपग्रहांचे आवाज ऐकवण्यास आरंभ केला. हेतू वर्गात डॉप्लरचा नियम शिकवण्याचा होता. पण मुले नोंदी ठेवू लागली : कोणता उपग्रह, किती वाजता, कोणत्या कंप्रतेवर, किती वेळ. १९६६च्या मार्च महिन्यात सुटलेला ‘कॉसमॉस ११२’ या नोंदींत बसेना. त्याचा मार्ग मागे मागे नेला, तर तो तोवर ठाऊक असलेल्या उड्डाणतळाकडे जाईना. त्याच वर्षी पुढे सुटलेल्या आणखी एका उपग्रहाच्या मार्गाशी तो ताडून पाहिला, तेव्हा दोन्ही मार्ग उत्तर रशियातील एका ठिकाणी छेदले. अशा रीतीने प्लेसेत्स्क येथील गुप्त उड्डाणतळ एका शाळेने जगापुढे आणला. सोव्हिएत सरकारने त्या तळाचे अस्तित्व उघडपणे मान्य केले ते १९८३ साली. सतरा वर्षे एका महासत्तेचे मौन आणि एका शाळेची नोंदवही यांचा सामना चालला होता, आणि खरी ठरली ती नोंदवही.

याच काळातील दुसरे उदाहरण नेमके उलट आहे. इटलीतील तुरिन शहराजवळ दोघा हौशी बंधूंनी एक श्रवणकेंद्र उभारले होते. सोव्हिएत अंतराळवीर अवकाशात गुप्तपणे मृत्युमुखी पडत आहेत आणि त्यांचे अखेरचे शब्द, हृदयाचे ठोके आम्ही ऐकले आहेत, असे ते सांगत. वर्तमानपत्रांना असल्या वार्ता हव्याच असतात. परंतु तोच आवाज त्याच वेळी दुसऱ्या कोणी ऐकल्याचा पुरावा मिळाला नाही. पुढे सोव्हिएत दप्तरे खुली झाली, तेव्हाही त्या मृत्यूंना दुजोरा मिळाला नाही. केटरिंगची शाळा आणि हे बंधू, दोघेही हौशीच. दोघांपाशीही पदवी वा पद यांचे बळ नव्हते. मग फरक कोठे पडला? केटरिंगने आपले गणित उघडे मांडले. ज्याला शंका असेल त्याने पुढच्या फेरीला स्वतः ऐकावे आणि पडताळून पाहावे. दुसऱ्या ठिकाणी श्रोत्याने फक्त विश्वास ठेवायचा होता. साक्षीदार आणि कंडी पिकवणारा यांच्यातील भेद तो हाच.

पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रह तरी जवळचे. दूरच्या यानांची गोष्ट फार अवघड आहे. अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी शक्ती चौथा हिस्सा होते. अंतर दसपट झाले की शंभरावा. ‘व्हॉयेजर १’ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती वीस-बावीस वॅट, म्हणजे घरातल्या एखाद्या लहानशा दिव्याएवढी. जर्मनीतील बोखुम येथे वीस मीटर व्यासाची तबकडी आहे. तेथील हौशी उपग्रह-मंडळाने ३१ मार्च २००६ रोजी या यानाची लहर टिपली. तेव्हा ते १,४०० कोटी किलोमीटरांहून दूर होते. नेदरलँड्समधील ड्विंगेलो येथे १९५६ साली उभारलेली पंचवीस मीटरची जुनी रेडिओ दुर्बीण आहे. शास्त्रीय सेवेतून ती निवृत्त झाल्यावर स्वयंसेवकांनी ती गंज काढून, दुरुस्त करून पुन्हा चालती केली. २०२४च्या डिसेंबरात त्यांनीही ‘व्हॉयेजर १’ ऐकले. अंतर सुमारे २,५०० कोटी किलोमीटर; निघालेल्या लहरीला पृथ्वीवर यायला तेवीस तासांहून अधिक काळ लागला. त्या तबकडीची जाळी मुळात लांब लहरींसाठी विणलेली. एवढ्या आखूड लहरीसाठी त्यांना नवी अँटेना बसवावी लागली.

आणि ऐकू आले ते काय? नुसती एक वाहक लहर. गोंगाटात एक बारीक, स्थिर रेघ. ती ‘व्हॉयेजर’चीच कशावरून? कारण पृथ्वी स्वतःभोवती आणि सूर्याभोवती फिरत असल्याने ती रेघ घटकेघटकेला किती सरकली पाहिजे, याचे गणित आधीच करता येते. रेघ त्या गणिताप्रमाणेच सरकली. ‘आम्हाला वाटले’ असे म्हणण्याची पाळी त्यांच्यावर आली नाही.

यापुढची हकीकत मला फार मोलाची वाटते. ‘आयसी-३’ नावाचे यान अमेरिकेने १२ ऑगस्ट १९७८ रोजी सोडले. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरांवर राहून सौरवाताचा अभ्यास करणे हे त्याचे काम. पुढे रॉबर्ट फारकर या कक्षापंडिताने त्याची वाट कौशल्याने बदलली आणि सप्टेंबर १९८५ मध्ये ते एका धूमकेतूच्या शेपटीतून पार गेले. असा प्रवास पूर्वी कोणत्याही यानाने केला नव्हता. १९९७ साली नासाने मोहीम संपवली आणि १९९९ साली त्याच्याशी बोलण्यास लागणारे प्रक्षेपक काढून टाकले. यानाचा प्रक्षेपक मात्र चालूच राहिला. ऐकणारा कोणी नसता ते सूर्याभोवती एकटे बोलत फिरत होते.

२०१४ साली ते पृथ्वीजवळून जाणार होते. १ मार्च रोजी बोखुमच्या हौशी मंडळींनी त्याचा आवाज टिपला. अमेरिकेत काही उत्साही मंडळींनी लोकवर्गणी मागितली. दोन हजारांहून अधिक लोकांनी दीड लाख डॉलरांच्या वर रक्कम दिली. वर्गणीवर कार्य उभे करणे म्हणजे काय, हे या सभेला समजावून सांगण्याची गरज नाही. जुने कागद धुंडाळले गेले, निवृत्त अभियंत्यांना विचारले गेले; कॅलिफोर्नियातील एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्ड उपाहारगृहाच्या इमारतीत त्यांची कचेरी थाटली गेली. नासाने रीतसर करार करून परवानगी दिली आणि २९ मे रोजी अरेसिबो येथील विशाल तबकडीच्या द्वारे यानाने आज्ञा पाळली. २ जुलैला त्याचे छोटे धक्कायंत्र १९८७ नंतर प्रथमच चालले. परंतु ८ जुलैला मार्ग बदलण्याचा मुख्य प्रयत्न फसला. इंधन पुढे ढकलणारा वायू संपला असावा, असा निष्कर्ष निघाला. सप्टेंबरात संपर्क तुटला आणि यान पुन्हा आपल्या वाटेने निघून गेले.

मग हे सारे व्यर्थ गेले का? मला तसे वाटत नाही. ज्यांनी पैसा दिला त्यांना सारा हिशेब मिळाला, अपयशाचाही. सरकारने सोडून दिलेल्या वस्तूची वास्तपुस्त सामान्य नागरिकांनी घेतली आणि सरकारने त्यांना आडकाठी केली नाही. यान परत आणता आले नाही, पण छत्तीस वर्षांचे यंत्र अजून आज्ञा ऐकते, हे साऱ्या जगाला कळले.

याहून अनपेक्षित घटना २०१८ साली घडली. पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाची चित्रे घेणारे ‘इमेज’ नावाचे यान नासाने २५ मार्च २००० रोजी सोडले होते. डिसेंबर २००५ मध्ये ते अचानक मुके झाले. प्रयत्न थकले आणि त्याचे नाव बंद झालेल्या खात्यात गेले. २० जानेवारी २०१८ रोजी कॅनडातील हौशी निरीक्षक स्कॉट टिली आपल्या घरच्या साधनांनी एक वेगळाच, गुप्त उपग्रह शोधीत होते. तो सापडला नाही. त्याऐवजी एक अनोळखी लहर दिसली. त्यांनी ती ज्ञात कक्षांशी ताडून पाहिली आणि ती ‘इमेज’ची निघाली! त्यांनी आपली नोंद जाहीर केली, मूळ शास्त्रज्ञांना कळवले, आणि ३० जानेवारीस नासाने यानाची ओळख पक्की केली. गंमत अशी, की मधल्या काळात खुद्द नासाकडील जुनी यंत्रे आणि आज्ञावली मोडीत निघाल्या होत्या. त्या पुन्हा जुळवाव्या लागल्या. त्याच वर्षी यानाचा आवाज पुन्हा हरपला, हेही सांगितले पाहिजे. तथापि बारा वर्षे मृत समजलेले यान जिवंत आहे हे सांगितले ते एका घरच्या अँटेनाने.

हे सारे परदेशांत घडले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, चांद्रयान-२ चे ‘विक्रम’ हे अवतरक चंद्रावर उतरत होते. सारा देश जागा होता. त्याच घटकेला नेदरलँड्समधील त्या जुन्या ड्विंगेलो दुर्बिणीवर बसलेले स्वयंसेवक ‘विक्रम’ची लहर ऐकत होते. त्यांच्या आलेखावर उतरणीचा वेग कसा बदलतो ते रेघेने दाखवले, आणि मग ती रेघ एकाएकी तुटली. पुढे नासाच्या चांद्रयानाने टिपलेली त्या भूभागाची चित्रे प्रसिद्ध झाली. चेन्नईतील षण्मुग सुब्रमण्यम या तरुण अभियंत्याने जुनी व नवी चित्रे शेजारी शेजारी ठेवून ठिपका ठिपका तपासला आणि एक खूण कळवली. नासाने पडताळणी करून डिसेंबर २०१९ मध्ये अवशेष सापडल्याचे जाहीर केले आणि श्रेय त्याच्या नावे दिले. त्याने अवकाशशास्त्राची पदवी घेतली आहे काय, हे कोणी विचारले नाही. चित्रातील ठिपका जागेवर आहे की नाही एवढेच पाहिले.

आपल्या पुणे जिल्ह्यातही एक असेच उदाहरण आहे. ते हौशी नव्हे, पण भाव तोच. नारायणगावाजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या दृष्टीतून उभी राहिलेली, प्रत्येकी पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘स्कियापारेली’ हे यान मंगळावर उतरताना त्याची क्षीण लहर सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरांवरून खोडदच्या माळावर ऐकली गेली. ती लहर उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात थांबली. यान आदळले होते. युरोपचे यान मुके झाले तेव्हा खोडद ऐकत होते. आपले यान मुके झाले तेव्हा ड्विंगेलो ऐकत होते. दुसऱ्याच्या दुःखद घटकेला शेजाऱ्याने जागे असावे, त्यातला हा प्रकार आहे. पुढे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ सुखरूप उतरले. त्या यशामागे आधीच्या अपयशाचा बारकाईने केलेला अभ्यास होता, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

पालकांच्या मनातली शंका मी ओळखतो. या नादाने परीक्षेतले गुण वाढणार आहेत का? नोकरी लागणार आहे का? मी खोटे आश्वासन देणार नाही. या छंदातील बहुतेकांना कीर्ती मिळत नाही. शंभर रात्री ऐकावे तेव्हा एखादी रात्र नोंदण्याजोगी निघते. परंतु जे मूल तारीख, वेळ, कंप्रता आणि हवामान लिहून मग ‘काही ऐकू आले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिते, ते मूल पुढे वकील होवो, हिशेबनीस होवो की परिचारिका होवो, त्याच्या शब्दाला वजन राहील. अफवांचा सुळसुळाट झालेल्या आजच्या काळात ही शिकवण लहान नव्हे.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. आपण दरवर्षी गुणपत्रिका पाहून पारितोषिके देतो. ती जरूर द्यावीत. यापुढे एक पारितोषिक नोंदवहीला द्यावे. वसतिगृहाच्या गच्चीवर एक साधी अँटेना आणि संगणकाला जोडण्याचे छोटे ग्रहणयंत्र बसवावे. खर्च काही हजारांत भागेल. साहित्य घेण्यापूर्वी परवान्याचे नियम जाणकारांकडून समजून घ्यावेत. आरंभी मुलांनी पृथ्वीजवळच्या उपग्रहांचे आवाज ऐकावेत, डॉप्लरचे आलेख काढावेत. दूरची याने हळूहळू येतील. वर्षाअखेर जिची नोंद दुसऱ्याला पडताळता येईल अशी वही पहिली यावी, मग तीत काही नवे सापडलेले असो वा नसो.

आणि आणखी एक अट मी सुचवितो. ही गच्ची, ही वही आणि हे पारितोषिक गावातील कोणत्याही ज्ञातीच्या मुलामुलींना खुले असावे. आपल्या मंडळाच्या पैशाने हे व्हावे, याचा मला अधिक आनंद वाटेल. शिकण्यापूर्वी अधिकार विचारला जाण्याचे दुःख ज्यांच्या वाडवडिलांनी सोसले, त्यांनी दुसऱ्याला तो प्रश्न विचारू नये. कान देऊन ऐकणे, ऐकले तेवढेच लिहिणे आणि लिहिलेले सर्वांना तपासू देणे, एवढे ज्याने केले त्याचा अधिकार सिद्ध झाला. केटरिंगच्या मुलांनी तो असाच मिळवला, चेन्नईच्या तरुणाने असाच मिळवला; आपल्या मुलांनाही तो याच वाटेने मिळेल.

ही सूचना येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावी, अशी माझी विनंती आहे.